बंद

तीन मोसम झाले, मी पोटरीचे पट्टे शिवते.
जुनी ताडपत्री, आतून पोत्याचं अस्तर,
निंदायला, वेचायला जाणाऱ्या बायांसाठी.
काट्यांपासून, कुसळांपासून,
आणि ज्याचं नाव आमच्याकडे दिवेलागणीनंतर घेत नाहीत
त्याच्यापासून.

कापड कधीच अडलं नाही.
अडलं ते बंदापाशी.

आधी चिकटपट्टी आणली वणीहून, मीटरच्या भावानं.
दुकानदार म्हणाला, गोखरूसारखी धरते.
तिसऱ्या दिवशी मिरा खिरटकरनं पट्टे ओट्यावर आपटले:
"हे पाय तुही पट्टी. माती धरते, रुई धरते,
कुत्र्याचे केस धरते.
माह्या पायालेच तेवढी धरत नाही."
सुईनं आकडे कोरत बसले रात्री.
अर्धी माती निघाली, अर्धे आकडेही.

मग चेन.
रेगडीचा एक कण दोन दातांत बसला की
ओढणारीचंच नख जातं.

मग टिचबटणं.
खळगीत चिखल वाळला की बटण टिच म्हणत नाही,
नुसतं टेकतं, उठायच्या बेतात असलेल्या पाहुण्यासारखं.

गोठ्यात आढ्याला जू टांगलेलं आहे,
ट्रॅक्टर आल्यापासून त्यावर कोंबडी झोपते.
शिवळीला जुपणीचा फासा अजून तसाच.
मी बोटानं काढला. सहज निघाला,
मागून वाळकी माती भुरभुरली.
कवडूमामांना विचारलं, चिखलात हे कधी फसलं नाही?
ते तंबाखू मळत होते.
"फसाले अगोदर घट्ट तं पाह्यजे ना बाप्पा.
ढिलं हाय म्हून सुटते.
बैल वढते म्हून धरते."

त्या रात्री झोप कसली.
तीन मोसम मी मातीला बाहेर ठेवायला बघत होते,
एकेक फट बुजवत,
आणि ती आत येऊन कोंडली जात होती.

बाभळीची खुंटी केली. चिखलात फुगली.
सायकलच्या ट्यूबचा फासा केला. वाळूनं खाल्ला.
सुतळी तर पाणीच प्याली.
शेवटी ठिबकची जुनी नळी कापली, बोटभर रुंद कडं,
तोंड वासून उभं राहणारं,
आणि खुंटीला दात घासायच्या ब्रशची दांडी,
टोकं गॅसवर गोल केलेली.
कडं खुंटीहून मोठं. मुद्दाम.
पोटरी फुगते, पट्टा ताणते,
तोच आपला बैल.

घमेल्यात चिखल कालवला:
दोन ओंजळी रेगडी, एक ओंजळ निर्गुडेची वाळू,
मूठभर सोयाबीनचं कुटार.
बुडव, लाव, काढ. बुडव, लाव, काढ.
प्रज्योत भिंतीवर कोळशानं रेघा ओढत होता,
साठाला कंटाळला, शंभराला जेवला,
दीडशेनंतर मला फसवायला लागला.
दोनशे बाराला काहीतरी तुटलं.
कंदिलासारखा मोबाईल धरून पाहिलं:
कडं शाबूत, खुंटी शाबूत.
माझा टाका उसवला होता.

आता टाका दुहेरी घालते, मेणाच्या दोऱ्यानं.

मिरा आली. डोक्यावर गाठोडं, ते खाली ठेवलं नाही,
एका हातानं, न बघता, बंद काढला,
पुन्हा लावला.
कड्यातून खडा ओट्यावर पडला, टक्.
काही बोलली नाही. मग म्हणाली,
"एका पायाले हिरवी दांडी, दुसऱ्याले गुलाबी काऊन?"

मी कोनाड्याकडे बोट दाखवलं,
अख्ख्या मोहल्ल्यानं आणून टाकलेले ब्रश, डबाभर.
म्हटलं, जोडीनं कुठं झिजतात बाई.

हिरवा तुझ्या सासूचा आहे.
ती डाव्या पायाकडे बघत राहिली,
मग तसंच, पट्टे न काढता, गेली.